झडपेचे माप चुकू नये म्हणून

‘आता वय झाले, दम लागणारच,’ हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. रोज देवळापर्यंत चालत जाणाऱ्या आजी हल्ली वाटेत दोनदा कट्ट्यावर टेकतात. जिना चढताना छातीत दाटल्यासारखे होते. एखाद्या सकाळी उठून उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते. घरचे लोक गुडघ्यांना, वजनाला, अशक्तपणाला बोल लावतात आणि आजीही हळूहळू चालणेच कमी करतात. चालणे कमी झाले की दम लागणेही कमी होते, मग सगळ्यांना वाटते की आता बरे आहे.

यांतल्या काही जणांच्या बाबतीत दोष वयाचा नसतो, एका झडपेचा असतो. हृदयाच्या डाव्या बाजूच्या खालच्या कप्प्यातून शुद्ध रक्त महाधमनीत जाते. त्या वाटेवर तीन पाकळ्यांची झडप असते. ती दिवसाला सुमारे एक लाख वेळा उघडते आणि मिटते. निरोगी माणसात ती पूर्ण उघडली की तीन ते चार चौरस सेंटीमीटरचे तोंड मोकळे होते, म्हणजे साधारण एका रुपयाच्या नाण्याएवढे. वाढत्या वयात काही जणांच्या या पाकळ्यांवर कॅल्शियमचे थर बसतात, पाकळ्या कडक होतात आणि तोंड आकसत जाते. ते एक चौरस सेंटीमीटरच्या खाली, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे उरले की डॉक्टर त्याला ‘सिव्हिअर अेऑर्टिक स्टेनोसिस’, झडपेचे तीव्र आकुंचन म्हणतात.

हा आजार वर्षानुवर्षे मुकाट वाढतो, पण लक्षणे सुरू झाल्यावर फार वेळ देत नाही. रॉस आणि ब्राउनवाल्ड या अमेरिकी हृदयतज्ज्ञांनी १९६८ मध्ये जो आलेख मांडला तो आजही वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवला जातो. झडप बदलली नाही तर छातीत दुखू लागल्यापासून सरासरी पाच वर्षे, चक्कर येऊन पडू लागल्यापासून तीन आणि हृदय थकून दम लागू लागल्यापासून जेमतेम दोन वर्षे. औषधांनी हे थर विरघळत नाहीत. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्यांनी तरी आकुंचन थांबेल, ही आशाही मोठ्या चाचण्यांनी फोल ठरवली. उपाय एकच, झडप बदलणे.

(इथे एक प्रश्न हमखास येतो: मग दूध, कॅल्शियमच्या गोळ्या बंद करायच्या का? दुधातला कॅल्शियम थेट जाऊन झडपेवर बसतो असे नाही. झडपेतल्याच काही पेशी हाड तयार करणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात, मूळ बिघाड तो आहे. गोळ्यांचे काय करायचे ते ज्यांनी लिहून दिल्या त्यांनाच विचारावे.)

टू-डी इको गोंधळात पडतो तेव्हा

झडपेची पहिली तपासणी टू-डी इकोच. ती स्वस्त आहे, तिच्यात किरणोत्सर्ग नाही, तालुक्याच्या गावीही होते आणि दहांतल्या बहुतेक रुग्णांमध्ये तेवढीच पुरते. इकोमध्ये झडपेतून जाणाऱ्या रक्ताचा वेग मोजतात. वेग सेकंदाला चार मीटरपेक्षा जास्त आणि झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला सरासरी फरक ४० मिलिमीटर पाऱ्याहून अधिक असेल, तर आकुंचन तीव्र आहे याबद्दल वाद राहत नाही.

अडचण उरलेल्यांची. बागेला पाणी देताना आपण नळीचे तोंड बोटाने दाबतो आणि धार लांब जाते. पण नळालाच पाणी कमी असेल तर तोंड कितीही दाबा, धार पायाशीच पडते. हृदयाचेही तसेच. स्नायू थकलेला असेल किंवा डावा कप्पा लहान, जाड भिंतींचा झाला असेल, तर प्रत्येक ठोक्याला रक्तच कमी बाहेर पडते. मग झडप घट्ट आकसलेली असूनही वेग आणि दाब फारसे वाढत नाहीत. रिपोर्टमध्ये एका ओळीत झडपेचे तोंड ०.८ चौरस सेंटीमीटर, म्हणजे तीव्र, आणि पुढच्याच ओळीत दाबाचा फरक २८, म्हणजे मध्यम. यातले खरे काय?

दुसरी गोम गणितात आहे. इकोमध्ये तोंडाचे क्षेत्रफळ काढताना झडपेखालच्या मार्गाचा व्यास मोजून त्याचा वर्ग करावा लागतो. व्यासात दहा टक्क्यांची चूक झाली तर क्षेत्रफळात एकवीस टक्क्यांची होते. शिवाय तो मार्ग गोल आहे असे गृहीत धरलेले असते आणि तो बहुधा अंडाकृती असतो.

अशा वेळी सीटी स्कॅन उपयोगी पडतो, आणि तोही अगदी साधा. ना इंजेक्शन, ना औषध. काही मिनिटांचे काम आणि किरणोत्सर्गही कमी. यात झडपेवर कॅल्शियम किती साचला आहे याचा थेट हिशेब लावतात. रक्त जोरात वाहते आहे की हळू, याच्याशी त्याचा संबंध नाही. थकलेल्या हृदयातही कॅल्शियम तेवढाच दिसतो.

हिशेबाची पद्धत आर्थर अॅगॅटस्टन या अमेरिकी डॉक्टरांनी १९९० मध्ये हृदयाच्या रक्तवाहिन्यांसाठी मांडली. (पुढे ‘साउथ बीच डाएट’मुळे गाजले ते हेच.) स्कॅनमध्ये ठरावीक घनतेच्या वर दिसणाऱ्या प्रत्येक ठिपक्याचे क्षेत्रफळ आणि घनता यांवरून गुण द्यायचे आणि सगळ्यांची बेरीज करायची. झडपेच्या बाबतीत ही बेरीज पुरुषांमध्ये २००० च्या वर गेली तर आकुंचन तीव्र असण्याची दाट शक्यता, ३००० च्या वर गेली तर जवळपास खात्रीच. स्त्रियांसाठी हेच आकडे १२०० आणि १६०० आहेत.

स्त्रियांचा आकडा एवढा खाली का, हे नीट समजून घ्यायला हवे. स्त्रियांच्या झडपेत कॅल्शियमपेक्षा तंतुमय ऊतींचे जाड थर जास्त असतात. कमी कॅल्शियम असतानाही झडप तेवढीच आकसते. पुरुषांचा आकडा बायकांना लावला तर १५०० गुण असलेल्या आजींना ‘मध्यम आहे, सहा महिन्यांनी या’ असे सांगून घरी पाठवले जाईल. आधीच ‘वयाचा दम’ म्हणून वर्ष दोन वर्षे गेलेली असतात, त्यात ही भर. म्हणून रिपोर्ट हातात आला की कोणता निकष लावला आहे, हे डॉक्टरांना विचारायला संकोचू नये.

तपासणीच्या पॅकेजमध्ये मिळणारा ‘कॅल्शियम स्कोअर’ तो हा नव्हे. तो रक्तवाहिन्यांचा. तिथे ४०० म्हणजे खूप, झडपेच्या हिशेबात ४०० म्हणजे फारसे काही नाही. दोन्ही आकडे एकाच स्कॅनमधून निघू शकतात, पण त्यांची सरमिसळ करून उगाच घाबरलेले किंवा उगाच निश्चिंत झालेले लोक भेटतात.

आणखी एक मर्यादा आपल्या देशासाठी महत्त्वाची आहे. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने म्हणजे ऱ्हुमॅटिक आजाराने बिघडलेल्या झडपा आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत. त्यांत पाकळ्या कडांनी एकमेकींना चिकटतात, कॅल्शियम कमी असला तरी तोंड बंद होते. तिथे हे गुण फसवे ठरतात. तरुणपणी ज्यांची मायट्रल झडप अशी आकसते त्यांना तर सीटीची गरज सहसा पडतच नाही, इको पाहूनच फुग्याने झडप उघडण्याचा निर्णय होतो.

छाती न उघडता

सीटी आणि झडप यांचे खरे लग्न लागले ते टावीमुळे. टावी म्हणजे छाती न उघडता, बहुधा जांघेतल्या धमनीतून नळी सरकवून, जुन्या झडपेच्या आत नवी झडप बसवणे. नवी झडप धातूच्या जाळीत शिवलेली असते. जाळी फुगली की जुन्या कडक पाकळ्या बाजूला दाबल्या जातात आणि नवी झडप त्याच क्षणी काम सुरू करते.

ही कल्पना डेन्मार्कच्या हेनिंग रुड अँडरसन यांची. १९८९ मध्ये त्यांनी घरी बनवलेली अशी झडप एका डुकराच्या हृदयात बसवली. माणसात ती पहिल्यांदा बसवली फ्रान्समधील रुआँ शहरात अलँ क्रिबिए यांनी, १६ एप्रिल २००२ रोजी. रुग्ण ५७ वर्षांचा होता, हृदय जवळजवळ बंद पडण्याच्या बेतात आणि शस्त्रक्रियेला सर्जननी नकार दिलेला. त्याच्या पायांच्या धमन्या तुंबलेल्या होत्या. म्हणून क्रिबिए शिरेतून वर गेले, हृदयातला पडदा छेदून डावीकडे आले आणि तिथून झडप बसवली. झडप उत्तम चालली. रुग्ण मात्र पायाच्या गुंतागुंतींतून सावरला नाही आणि सुमारे चार महिन्यांनी गेला. २०१० मध्ये ‘पार्टनर’ या चाचणीचे निष्कर्ष आले. ज्यांच्यावर शस्त्रक्रिया शक्यच नव्हती अशा रुग्णांपैकी नेहमीच्या उपचारांवर ठेवलेले ५०.७ टक्के लोक वर्षभरात दगावले, टावी केलेल्यांत हे प्रमाण ३०.७ टक्के होते. त्यानंतर मागे वळून पाहण्याचा प्रश्नच आला नाही.

पण एक गोष्ट सर्जनकडे होती आणि टावी करणाऱ्याकडे नव्हती. सर्जन छाती उघडतो, जुनी झडप कापून काढतो, मापाचे गोल साचे आत घालून पाहतो आणि जो बसेल त्या मापाची झडप शिवतो. टावीत हे काहीच नाही. झडप आधीच निवडायची, आत जाऊन सोडायची, आणि बहुतेक प्रकारांत एकदा पूर्ण सोडली की परत घेता येत नाही. चप्पल पायात घालून न पाहता घ्यायची, आणि ती बदलूनही मिळणार नाही, असा हा सौदा.

सुरुवातीच्या वर्षांत माप इकोवरून घेत. इकोत एकाच दिशेचा छेद दिसतो आणि तो बरेचदा अंडाकृती कड्याचा अरुंद व्यास दाखवतो. समजा कडे २६ मिलिमीटर लांब आणि २० मिलिमीटर रुंद आहे. इकोवर २० दिसले आणि तेवढेच गोल कडे धरले, तर क्षेत्रफळ ३१४ चौरस मिलिमीटर येते. प्रत्यक्षात ते ४०८ आहे. एवढ्या फरकाने झडप लहान निवडली जाते, तिच्या कडेने फट राहते आणि रक्त मागे गळत राहते. ही गळती मध्यम किंवा त्याहून जास्त असेल तर रुग्णाचे आयुष्य घटते, हे नंतर आकडेवारीनेच दाखवले. उलट झडप फार मोठी निवडली तर ती फुगवताना कॅल्शियमने ठिसूळ झालेले कडे फाटू शकते. ते क्वचित घडते, पण घडले तर बहुधा जीवावर बेतते.

सीटीत हे कडे तीनही मितींत दिसते. तीन पाकळ्यांची तळाशी जोडलेली तीन टोके शोधायची, त्यांतून जाणारे प्रतल आखायचे आणि त्यावर कड्याचा परीघ आणि क्षेत्रफळ मोजायचे. हे कडे शरीरात वेगळे असे दिसत नाही, ती एक कल्पित रेषा आहे. पण नवी झडप टिकते ती तिच्याच आधाराने. सीटीच्या मापाने झडप निवडायला लागल्यावर कडेची गळती स्पष्टपणे घटली आणि आज सीटीशिवाय टावीचे नियोजन कोणी करत नाही.

हे शक्य झाले यंत्रे वेगवान झाल्यामुळे. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधल्या रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा स्कॅन केला तो मेंदूचा होता, कारण मेंदू हलत नाही. एकेका छेदाला मिनिटे लागत. हृदयाला थांब म्हणता येत नाही. आजचे यंत्र पाव सेकंदाच्या आसपास रुग्णाभोवती एक फेरी पूर्ण करते आणि ईसीजीच्या तालावर, ठोक्याच्या नेमक्या क्षणाचे चित्र उचलते. झडपेचे माप हृदय आकुंचन पावत असतानाचे घेतात, कारण तेव्हा कडे सर्वात मोठे असते.

त्याच स्कॅनमध्ये आणखी बऱ्याच गोष्टी पाहून घ्यायच्या असतात. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्यांची तोंडे कड्यापासून किती वर आहेत, हे त्यांतले सर्वात गंभीर. ती फार खाली, म्हणजे १० ते १२ मिलिमीटरच्या आत असतील, तर दाबलेली जुनी पाकळी त्या तोंडावर झाकणासारखी बसू शकते. असे झाले तर टेबलावरच हृदयविकाराचा मोठा झटका येतो. धोका आधी कळला तर तोंड उघडे राखण्याची तयारी करून आत जाता येते, किंवा टावीचा नादच सोडून शस्त्रक्रियेकडे वळता येते. वाटेचेही तसेच. जांघेतली धमनी साधारण साडेपाच मिलिमीटर रुंद आहे का, ती किती वळणांची आहे, कॅल्शियमचे कडे तिला पूर्ण वेढून आहे का? क्रिबिए यांच्या पहिल्या रुग्णासारखी पायाची वाट बंद असेल तर खांद्याजवळची किंवा मानेतली धमनी निवडतात. कॅथलॅबमधला एक्स-रे कोणत्या कोनात ठेवला म्हणजे तीनही पाकळ्या एका रेषेत दिसतील, तो कोनसुद्धा सीटीवरून आदल्या दिवशी काढून ठेवतात. त्यामुळे कॅथलॅबमध्ये चाचपडणे कमी होते.

कधी कधी झडपेला मुळात दोनच पाकळ्या असतात. शंभरातल्या एक-दोन माणसांत असे असते आणि त्यांच्या झडपा इतरांपेक्षा लवकर खराब होतात. तोंड बारीक, कॅल्शियम एका बाजूला ढिगाने, वरची महाधमनी फुगलेली. इकोवर कॅल्शियमच्या सावलीत पाकळ्या दोन की तीन हे कित्येकदा कळत नाही, सीटीवर कळते. महाधमनी फार फुगलेली असेल तर ती आणि झडप दोन्ही शस्त्रक्रियेने एकदमच बदलणे शहाणपणाचे.

मापाबद्दल बोलताना वापीचा उल्लेख करायला हवा. पालघर जिल्ह्याची हद्द ओलांडली की लगेच लागणाऱ्या या गुजरातच्या औद्योगिक शहरातली मेरिल ही कंपनी ‘मायव्हल’ नावाची झडप बनवते. फुग्याने फुगवायच्या प्रचलित परदेशी झडपा २०, २३, २६, २९ अशा तीन-तीन मिलिमीटरच्या टप्प्यांनी येतात. मायव्हलमध्ये २१.५, २४.५ अशी मधली मापेही आहेत. सीटीने कडे मिलिमीटरच्या अंशापर्यंत मोजता येऊ लागल्यावर ‘अधल्यामधल्या’ रुग्णांचे काय करायचे, हा प्रश्न त्यातून सुटायला मदत होते. ही झडप जगातल्या दोन आघाडीच्या झडपांपेक्षा कमी नाही, असे २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ‘लँडमार्क’ चाचणीत दिसले. तरी खर्च हा मोठाच अडसर आहे. खासगी रुग्णालयात टावीचे बिल अजून दोन आकडी लाखांत जाते. आणि पासष्टीच्या आतल्या, बाकी ठणठणीत माणसासाठी अमेरिकी मार्गदर्शक सूचनाही शस्त्रक्रियाच सुचवतात. ऐंशीच्या पुढे टावी आणि मधल्या वयात दोघांनी बसून ठरवावे, असे त्या म्हणतात.

झडप बसल्यावर

नव्या झडपेच्या पाकळ्यांवर कधी कधी रक्ताचा पातळ थर गोठतो. इकोवर तो सहसा दिसत नाही, रुग्णालाही काही जाणवत नाही. २०१५ मध्ये सीटीने तो पहिल्यांदा ठळकपणे दाखवला. अनेकांत तो आपोआप जातो, काहींत रक्त पातळ करणारी औषधे द्यावी लागतात. सगळ्यांचाच ठरावीक काळाने सीटी करावा असे सध्या कोणी म्हणत नाही. इकोवर झडपेतला दाब वाढलेला दिसला, पुन्हा दम लागू लागला, तर करतात.

आपल्याकडे याहून नेहमीचे दृश्य म्हणजे धातूची झडप अडकणे. ऱ्हुमॅटिक आजारामुळे तरुणपणीच धातूची झडप बसवलेले हजारो लोक आहेत. त्यांतल्या अनेकांत तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या पुढाकाराने तयार झालेली चित्रा झडप आहे, जी १९९० मध्ये पहिल्यांदा माणसात बसवली गेली. या लोकांना रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. गोळी चुकली की झडपेत गुठळी होते आणि तिची चकती अडकते. पण चकती अडकण्याचे कारण गुठळीऐवजी हळूहळू वाढलेली तंतुमय ऊतीही असू शकते. गुठळी औषधाने विरघळते, ऊती विरघळत नाही, तिला शस्त्रक्रियाच लागते. सीटीवर ऊती जास्त घन दिसते, गुठळी कमी घन. झडपेला जंतुसंसर्ग होऊन आजूबाजूला पू साठला असेल तर तोही सीटीवर चांगला दिसतो.

टावीपूर्वीच्या सीटीसाठी शिरेतून आयोडीनयुक्त औषध द्यावे लागते आणि ते मूत्रपिंडांवर ताण आणते. या रुग्णांचे वय पाहता क्रिएटिनिन आधीच वाढलेले असणे नवे नाही. त्यामुळे आधी रक्ततपासणी करतात आणि औषधाची मात्रा बेताची ठेवतात. पूर्वी अशा इंजेक्शनने अंगावर गांधी उठल्या असतील, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल, तर आधीच सांगावे. किरणोत्सर्ग जिवाला घोर लावण्याइतका नाही. ऐंशीच्या माणसात तीस वर्षांनंतरच्या कर्करोगाचा विचार करून आजचा स्कॅन टाळण्यात अर्थ नाही. चाळिशीच्या माणसात मात्र तो विचार करावा लागतो.

जिभेखालच्या सॉर्बिट्रेटबद्दल एक सांगायला हवे. हृदयाच्या धमन्यांच्या सीटीआधी ती गोळी अनेक ठिकाणी देतात, आणि आपल्याकडे छातीत दुखले की शेजारीही ती काढून देतात. झडप तीव्र आकसलेली असताना या गोळीने रक्तदाब एकदम कोसळू शकतो. झडपेचा आजार असल्याचे स्कॅन करणाऱ्या तंत्रज्ञाच्या कानावर घालावे.

स्कॅन गावात आणि टावी पुण्या-मुंबईत, असे बहुतेकांचे होते. तेव्हा स्कॅन करण्याआधीच टावी करणाऱ्या डॉक्टरांकडून प्रोटोकॉल लिहून आणावा. ‘सीटी करून या’ एवढ्याच चिठ्ठीवर केवळ हृदयाच्या धमन्यांचा स्कॅन होतो. त्यात ना ईसीजीच्या योग्य क्षणी घेतलेली कड्याची चित्रे असतात, ना जांघेपर्यंतच्या धमन्या. मग तेच इंजेक्शन त्याच थकलेल्या मूत्रपिंडांना आठवड्याभरात पुन्हा द्यावे लागते. आणि निघताना काळ्या फिल्मवर समाधान मानू नये. माप घ्यायला संगणकावरची पातळ छेदांची मूळ चित्रे लागतात. ती सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर मागून घ्यावीत, आणि घरी एक प्रत ठेवावी. दहा-बारा वर्षांनी दुसरी झडप बसवायची वेळ आली, तर पहिल्या वेळचे कडे कसे होते हे त्या डॉक्टरांना त्यावरूनच कळेल.